माग काढायला शिकतोयस, तर आधी चिखल बघ

भाऊ, लगेच सातपुड्यात शिरायची घाई करू नकोस. पाणी दिलेली केळीची बाग किंवा तापीकाठचा ओला गाळ सुरुवातीला भरपूर शिकवतो. सकाळी ऊन तिरपं असताना जा. ठशाच्या कडांची सावली पडते, बोटं सुटी दिसतात; भर दुपारी तोच ठसा सपाट वाटतो.

कुत्रा, कोल्हा, तरस यांची नखं उमटतात. बिबट्या चालताना नखं आत ओढतो. पण नुसत्या नखांवर निकाल देऊ नकोस, चिखलात पाय घसरला की त्याचीही दिसतात. तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे आहेत का, ते बघ. असले तर मांजरकुळातलं जनावर. यावल अभयारण्याच्या बाजूला असा ठसा दिसला तर शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढ, वनरक्षकाला कळव. एकट्याने मागावर जायचं नाही, हे मी कळकळीने सांगतोय.

माणसांची पावलंही वाच. धावणाऱ्याची बोटं माती मागे ढकलतात, पावलांतलं अंतर वाढतं. टांझानियात लाएटोलीला १९७८ मध्ये सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची पावलं सापडली, ज्वालामुखीच्या ओल्या राखेत उमटलेली. त्यांच्यावरूनही दिसतं, की मेंदू लहान होता तेव्हाही आपले पूर्वज दोन पायांवर चालत होते.