बदल आला कुठून?

आमच्या सहा वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे. त्याच्या एका जनुकात बदल सापडला, पण आम्हा दोघांच्या रक्तात तो नाही. मग आला कुठून?

तो त्याच्यापासूनच सुरू झालाय. आईवडिलांकडे नसलेले साठ-सत्तर नवे बदल प्रत्येक बाळात असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. एखादा मात्र नेमका मेंदूच्या जडणघडणीतल्या जनुकावर येतो. तो ओळखायचा तर मूल, आई आणि वडील या तिघांचे नमुने शेजारी ठेवून वाचावे लागतात, म्हणून आम्ही जनुक-तपासणी करणारे डॉक्टर ‘तिघंही या’ असा हट्ट धरतो. २०२० साली ३५ हजारांहून जास्त जणांचे नमुने तपासल्यावर ऑटिझमशी निगडित १०२ जनुकं पुढे आली. ‘ऑटिझमचं जनुक’ असं एकच काही नसतं, ते यामुळेच.

पुढच्या मुलाचं विचाराल, तर शून्य धोका असं मी म्हणत नाही. रक्तात न दिसणारा बदल शुक्रपेशींच्या किंवा बीजांडांच्या एखाद्या गटात दडलेला असू शकतो. म्हणून तोच बदल पुढच्या मुलातही येण्याची शक्यता साधारण एक टक्का सांगतात.

रिपोर्टवर ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आहे. घाबरायचं का?

नाही. बदल सापडलाय, पण तो आजाराचा की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. रिपोर्ट जपून ठेवा, दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाचून घ्या. तेवढ्यावर गर्भाबद्दलचा निर्णय मात्र घेऊ नका.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. म्हणजे आनुवंशिक नाही ना?

असं नाही. बऱ्याच घरांत एकच मोठा बदल नसतो, शेकडो बारीक बदलांची बेरीज असते आणि ती नेहमीच्या तपासणीत दिसत नाही. सगळी घरं एकत्र धरली आणि एका मुलाला ऑटिझम असेल, तर पाठच्या भावंडात तो साधारण पाचांत एकाला आढळतो.

माझा भाऊ लहानपणापासून मतिमंद आहे. आता माझ्या मुलाला ऑटिझम निघाला. सासूबाई म्हणतात, तुमच्याकडूनच आलं.

सासूबाईंचा सूर चुकीचा, अंदाज कदाचित बरोबर. तुमच्या मुलाची फ्रॅजाइल एक्सची चाचणी आधी करून घ्या. हा आईकडून येऊ शकणारा आनुवंशिक आजार आहे, त्यात मतिमंदत्व आणि ऑटिझम दोन्ही दिसू शकतात. एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकात डीएनएच्या तीन अक्षरांचा तुकडा पुन्हापुन्हा येतो. ५५ ते २०० वेळा आला तरी आई सहसा ठीकठाक असते, पण मुलाकडे जाताना ती माळ लांबू शकते आणि दोनशेच्या पुढे गेली की जनुक बंद पडतं. नेहमीच्या जनुक-वाचनात ही मोजणी हमखास निसटते, ती वेगळी मागावी लागते. आणि फॉर्मवर ‘कुटुंबाचा इतिहास’ या रकान्यात ‘काही नाही’ लिहू नका. तिथे भावाबद्दल लिहा.