वाचकांचे प्रश्न : कान दुबळाच राहिला, मग चक्कर कशी थांबली?

प्रश्न : माझ्या आईला (वय 58) चार महिन्यांपूर्वी अचानक गरगरू लागले. डाव्या कानातील तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूला सूज आल्याचे निदान झाले. आता चक्कर नाही. परंतु तपासणीत डावी बाजू दुबळीच दिसते आणि मान झटकन वळवली की समोरचे हलल्यासारखे वाटते. तिने गोळ्या चालू ठेवून विश्रांती घ्यावी का?

उत्तर : चक्कर थांबली ती मेंदूने जुळवून घेतल्यामुळे. डोके स्थिर असतानाही दोन्ही अंतर्कर्णांकडून मेंदूला सतत संदेश जात असतात; डोके वळले की एका बाजूचे वाढतात, दुसरीचे घटतात आणि या फरकावरून मेंदू हालचाल ओळखतो. डावी बाजू एकाएकी मुकी झाली, की अंथरुणावर पडून असलेल्या माणसालाही आपण उजवीकडे फिरत आहोत असे भासते. पुढील काही आठवड्यांत मेंदू दोन्ही बाजूंचा हा समतोल पुन्हा साधतो.

झटकन वळण्याचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. डोके वळताच डोळे उलट दिशेने फिरवून दृश्य स्थिर ठेवणारी प्रतिक्षिप्त क्रिया सुमारे 10 मिलिसेकंदांत घडते, आणि नुसत्या नजरेच्या आधारे डोळ्यांना इतकी चपळाई साधत नाही. सिडनीच्या हाल्मागी आणि कर्थॉइस यांनी 1988 मध्ये याच उणिवेवर आधारलेली तपासणी मांडली : डॉक्टर समोर बसून रुग्णाला डॉक्टरांच्या नाकाकडे पाहायला सांगतात आणि त्याचे डोके झटक्याने वळवतात, तेव्हा दुबळ्या बाजूला डोळे डोक्याबरोबर घसरतात आणि मग उडी मारून परततात. पुढे वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवले, की काही रुग्णांचे डोळे ही उडी डोके वळत असतानाच मारतात. कान दुबळाच असतो, पण मेंदू नवी युक्ती शिकलेला असतो. मला या संशोधनातील हीच गोष्ट सर्वांत आश्वासक वाटते.

ही शिकवण चूक जाणवल्याशिवाय मिळत नाही, म्हणून दीर्घ विश्रांती हिताची नाही. 1940 च्या दशकात ब्रिटनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी अशा रुग्णांसाठी डोळे, मान आणि शरीर हलवण्याचे व्यायाम आखले. फ्रान्समध्ये बबून माकडांवर झालेल्या प्रयोगांतही, इजेनंतर हालचाल रोखलेल्या प्राण्यांची सुधारणा रेंगाळली. सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिनसारख्या गोळ्या पहिल्या काही दिवसांत उपयोगी पडतात, पण महिनोन्‌महिने घेतल्यास या जुळणीत अडथळा येऊ शकतो. त्या कशा थांबवायच्या हे आपल्या डॉक्टरांना विचारा. तोलाच्या व्यायामांची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून नजर एका अक्षरावर ठेवून मान हलवण्याचा सराव शिकून घ्यावा आणि आरंभी आधाराला कोणीतरी जवळ असावे. नव्याने चक्कर येऊन बोलणे अडखळले, एकाच्या दोन वस्तू दिसल्या किंवा हातपाय लुळे पडले, तर हा विषय कानाचा न मानता तत्काळ रुग्णालय गाठावे.