इलाज नको, तपासणी सांग

सोलापूर
हुरड्याचे दिवस

पोरा,

काल फोनवर तू इतक्या तावातावानं बोलत होतास की मला तोंड उघडायला जागाच ठेवली नाहीस. म्हणून लिहितोय. कागदावर तरी मधे बोलता येणार नाही तुला.

मंगळवेढ्याकडच्या त्या माणसाचा जुना ट्रॅक्टर, इंटरनॅशनल बी-२७५. ट्रॉली लावली की अर्ध्या तासात दम तोडते, बंद पडते, आणि थोडा वेळ उभी ठेवली की काही झालंच नाही अशी सुरू होते. एक म्हणाला डिझेलचा पंप खोला. दुसरा म्हणाला इंजिनात डिझेल फवारणारे नोझल गेले. तिसरा थेट इंजिनचं हेड उतरवायला निघाला. तू म्हणालास टाकी काढून धुवा. मग जुंपली, कुणीतरी तुला ‘कालचं पोरगं’ म्हणालं, आणि आता तू ठरवून बसलायस की जुन्या ट्रॅक्टरबद्दल कुणाला एक शब्द सांगायचा नाही.

रुसवा कळतो मला. पण तुझा अंदाज त्या तिघांपेक्षा बरा होता म्हणून शाबासकी मागत असशील तर ती मिळायची नाही. तू तेच केलंस जे त्यांनी केलं. लक्षण ऐकलं, इलाज फेकला. चार इलाज समोरासमोर उभे राहिले की भांडण होणारच, कारण खरं-खोटं करायला त्यात काही नसतं. मग ज्याचे केस पांढरे त्याचं खरं.

तपासणी सांग रे. इलाज सांगू नकोस.

त्या माणसाला एवढंच सांगायचं होतंस: डिझेलच्या टाकीचं झाकण सैल ठेवून गाडी चालवा. झाकणाला हवेचं बारीक छिद्र असतं, ते मातीनं बुजलं की डिझेल खाली उतरेल तशी टाकीत पोकळी होते आणि पुढे डिझेल येईनासं होतं. गाडी उभी राहिली की हळूहळू हवा आत शिरते, म्हणून परत सुरू होते. झाकण सैल करून गाडी बंद पडली नाही तर विषय संपला. तरी पडलीच, तर पडल्या पडल्या फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू ढिला करा आणि फीड पंपाची, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाची, हातकांडी मारा. डिझेल भरभरून आलं तर टाकीकडचा रस्ता साफ आहे, दोष पुढे आहे. थेंब थेंब आलं तर टाकी, जाळी, पाईप नाहीतर खुद्द फीड पंप. यात एक रुपया खर्च नाही, एक भाग उतरवायचा नाही, आणि निकाल त्या माणसाच्याच डोळ्यांसमोर. मग तू कालचा पोरगा असलास काय आणि परवाचा असलास काय.

तू म्हणशील, काका, एवढं कोण ऐकून घेतो, त्याला एका वाक्यात उत्तर पाहिजे असतं. पाहिजे असू दे. त्याला फुकट पंपही पाहिजे असतो.

आणखी एक ध्यानात ठेव. जुन्या ट्रॅक्टरवर दोन मिस्त्री भांडतात तेव्हा पुष्कळदा दोघंही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या गाड्यांबद्दल. आपल्या रानात उभ्या असलेल्या या गाड्या काही एका घराण्यातल्या नाहीत. आयशर १९५९ साली फरिदाबादला निघाली ती जर्मन वळणाची, हवेवर थंड होणारी. इंटरनॅशनल महिंद्राची, पण मूळ नकाशा इंग्लंडचा. एचएमटी २५११ म्हणजे झेटर, चेकोस्लोव्हाकियाची, १९७१ पासून पिंजोरला बनलेली. १९७४ ची स्वराज ७२४ तेवढी अस्सल इथली. वर इतक्या वर्षांत मालक बदलले, मालकागणिक मिस्त्री बदलले, आणि मिस्त्रीगणिक वरचे भाग बदलले. पंपाचंच घे. एकजण सांगतो, पंपात तेल टाका. दुसरा म्हणतो, वेडा आहे का, पंपात कुठं तेल असतं. डिझेल पंपाच्या दोन जाती, लाईनचा आणि रोटरी. लाईनच्या पंपाच्या पोटात वेगळं तेल असतं, ते बघावंच लागतं. रोटरी पंपाला त्यातून वाहणारं डिझेलच वंगण, म्हणून डिझेलमध्ये पाणी आलं की तो आधी मरतो. दोघं तासभर एकमेकांच्या अकलेचा उद्धार करतील, पण ‘पंप कोणता आहे, जरा पाटीचा फोटो पाठवा’ एवढं काही विचारणार नाहीत.

मॅसी ट्रॅक्टरच्या लिफ्टचंही, म्हणजे मागची अवजारं उचलणाऱ्या यंत्रणेचंही, तेच. कुणीतरी जुनी १०३५ विकत घेतो, घरी आणतो, नांगर जोडतो, लिफ्ट वर जात नाही. लगेच सल्ला: हायड्रॉलिक पंप गेला, मागचं सगळं खोलावं लागेल. अरे, त्या गाडीत लिफ्टचा पंप पीटीओच्या, म्हणजे अवजारं फिरवायला मागे काढलेल्या, शाफ्टवर चालतो आणि गिअरच्याच तेलात बुडलेला असतो. पीटीओचा दांडा न्यूट्रलला असेल तर पंप फिरणारच नाही. आधी दांडा बघा, मग तेलाची पातळी बघा, मग बोला. दांडा टाकल्याबरोबर नांगर उचलला की त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो. मजुरी मात्र मिळत नाही.

माझं आणि माझ्या भागीदाराचं कशावरून फाटलं ते तुला गॅरेजमधल्या कुणीतरी सांगितलंच असेल, तिखटमीठ लावून. माझ्याकडून ऐक. भांडण थर्मोस्टॅटवरून होतं, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हवरून. त्याचं ठाम मत: सोलापूरचं ऊन, इथं व्हॉल्व्ह कशाला, आली गाडी की काढून फेक. गाडी तापते म्हणून आलेल्या प्रत्येक माणसाला तो तेच सांगायचा. मी म्हणायचो, आधी व्हॉल्व्ह तपास. एकदा मी तो चहाच्या टपरीवर नेला, दोरीला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला. पाणी तापत गेलं, बुडबुडे धरायला लागले, आणि मधली चकती केसभर सरकली, मग नखाएवढी, मग पूर्ण उघडली. पाण्याबाहेर काढला तशी मिटली. व्हॉल्व्ह ठणठणीत होता. रेडिएटरमध्ये बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला होता आणि बाहेरच्या जाळीत भुसा. इंजिन बंद करून जरा निवल्यावर रेडिएटरवरून हात फिरवला तर बुजलेल्या नळ्यांची जागा गार लागते, कुणालाही कळतं.

व्हॉल्व्ह काढला की थंडीच्या सकाळी इंजिन अंगावर गरमी धरत नाही, डिझेल जास्त पितं, रिंगा आणि लायनर लवकर झिजतात. काही इंजिनांत तर पाण्याला रेडिएटर चुकवून जायचा आडरस्ता असतो. व्हॉल्व्ह काढला की थोडं पाणी त्या वाटेनं फिरत राहतं आणि गाडी उलट जास्त तापते. हे सगळं मी त्याला गिऱ्हाइकासमोर सांगितलं. गिऱ्हाइकासमोर सांगायला नको होतं, असं लोक म्हणतात. मग कधी सांगायचं होतं? व्हॉल्व्ह कचऱ्यात गेल्यावर? त्यानं बार्शीला वेगळं दुकान टाकलं. त्याच्या पोरीच्या लग्नाचं बोलावणं आलं होतं, मी गेलो नाही. उसाचा हंगाम होता, गाड्या रांगेनं उभ्या होत्या. हंगाम खरोखरच होता. त्याच्यासारखा कान मात्र मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा कितवा टॅपेट ढिला आहे ते तो बसल्या जागेवरून सांगायचा. अशा माणसाला तपासणीचा कंटाळा का असावा, हे मला आजही उलगडत नाही.

म्हातारे मिस्त्री तुला हसतील. त्यांना ‘तुमचं चुकतंय’ म्हणू नकोस, त्यात माझ्यासारखीच फजिती होते. ‘मामा, पंप खोलायचाच आहे, त्याआधी एकदा झाकण सैल करून बघू का?’ असं विचार. नाही म्हणायला त्यांनाही कारण लागेल. आणि तपासणीत तू खोटा पडलास तर तोंड लपवत बसू नकोस. झाकण सैल करून गाडी बंद पडली, म्हणजे एक शंका फुकटात मिटली.

हां, एका ठिकाणी तपासणी नाही, सरळ मनाई. नोझल बाहेर काढून त्याचा फवारा तळहातावर घेऊन बघा, असं कुणी सांगत असेल तर तिथं भांड, आवाज चढव, फोन हिसकावून घे. शंभर बारच्या वरचा दाब असतो तो. डिझेल कातडी फोडून आत जातं, बाहेरून नुसता टाचणीएवढा ठिपका दिसतो आणि बोट कापायची वेळ येते. तिथं मान राखायची गरज नाही, समोर मी असलो तरी.

बाकी ‘बोलायचंच बंद करतो’ हे नाटक पुरे. तू गप्प बसलास म्हणून त्या माणसाचा पंप वाचत नाही.

उद्या सकाळी त्याला फोन लाव. झाकण सैल करायला सांग, गाडी ट्रॉलीसकट अर्धा तास ओढायला सांग, आणि सैल झाकणातून डिझेल हिंदकळतं म्हणून टाकी काठोकाठ भरू नका म्हणावं. काय झालं ते मला कळव. तोवर पंप उतरवून झाला असला तर कळवू नकोस, माझं बीपी वाढतं.

तुझा
मिस्त्रीकाका