राष्ट्रपती, राष्ट्राध्यक्ष की अध्यक्ष?

अमेरिकेच्या प्रमुखाला मराठीत कोणी अध्यक्ष म्हणतात, कोणी राष्ट्राध्यक्ष, आणि हिंदीवरून आलेल्या मजकुरात राष्ट्रपती असेही वाचायला मिळते. यांपैकी योग्य शब्द कोणता, असा प्रश्न विचारला गेला आहे. माझे मत ‘अध्यक्ष’ या शब्दाच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण त्या पदाच्या घडणीतच सापडते.

‘प्रेसिडेंट’ हा शब्द ‘पुढे बसणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला असून त्याचा मूळ अर्थ सभेचे काम चालवणारा, असा आहे. १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला तेव्हा जॉन हॅन्कॉक हे काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेचे, ‘प्रेसिडेंट’ होते, पण त्यांच्या हाती राज्यकारभाराची सत्ता नव्हती. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिणाऱ्या सभेचे अध्यक्षस्थान जॉर्ज वॉशिंग्टन यांनी भूषवले, आणि त्याच सभेतले सदस्य बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा पेनसिल्व्हेनियाच्या कार्यकारी मंडळाचे ‘प्रेसिडेंट’ होते. घटनाकारांनी नव्या पदाला सेनापतिपद आणि नकाराधिकार दिला, नाव मात्र हे सभेतले, सर्वांच्या ओळखीचेच ठेवले. त्याच घटनेत उपाध्यक्षाला सिनेटचा, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचा, ‘प्रेसिडेंट’ म्हटले आहे, हेही ध्यानात घ्यावे.

हे साधेपण सर्वांनाच रुचले नव्हते. वॉशिंग्टन यांचा शपथविधी ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला, आणि लगेच त्यांना संबोधावे कसे यावरून वाद पेटला. केवळ ‘प्रेसिडेंट’ म्हटले तर परदेशी दरबारांत मान राहणार नाही, असे उपाध्यक्ष जॉन ॲडम्स यांना वाटे. सिनेटच्या समितीने तर ‘महामहिम, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष आणि त्यांच्या स्वातंत्र्याचे रक्षक’ अशा थाटाची पदवी सुचवली. पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर विल्यम मॅक्ले यांनी तिला कडाडून विरोध केला, तर प्रतिनिधिगृहात, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, जेम्स मॅडिसन यांनी बिरुदांविरुद्ध भाषण केले. घटनेने सरदारकीच्या पदव्यांना बंदी घातलेलीच होती. तीच भूमिका प्रतिनिधिगृहाने धरून ठेवली आणि १४ मे रोजी सिनेटने नमते घेतले. राज्य चालवणारा माणूस कायद्याने नेमलेला, ठरावीक मुदतीचा आणि महाभियोगाने पदच्युत होऊ शकणारा असावा, हे तत्त्व त्या एका बिनबिरुदाच्या शब्दात टिकून राहिले, याचे मला फार मोल वाटते.

‘राष्ट्रपती’मधल्या ‘पती’ला स्वामित्वाचा अर्थ चिकटलेला आहे. आपल्याकडे तो शब्द स्वातंत्र्यापूर्वी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या अध्यक्षांसाठीही वापरला जाई आणि पुढे घटनात्मक प्रमुखासाठी रूढ झाला, त्यामुळे भारतापुरता तो योग्यच आहे. पण आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, तर अमेरिकेत कार्यकारी सत्ता थेट त्या एका व्यक्तीकडे असते. दोघांना एकच नाव दिले की वाचकाचा घोटाळा होतो. ‘राष्ट्राध्यक्ष’ वर्तमानपत्रांत रुळला आहे आणि कोणत्या संस्थेचा अध्यक्ष हे चटकन कळावे म्हणून बातमीत तो सोयीचाही आहे, फक्त मूळ पदनामात ‘राष्ट्र’ नाही, ‘संयुक्त संस्थाने’ आहेत. (तिथली संस्थाने म्हणजे राज्ये, सांगली-कोल्हापूरसारखी संस्थानिकांची नव्हेत.) १७८७ ते १७८९ या काळाविषयी लिहिताना ‘अध्यक्ष’च वापरावा, आणि त्याच्या जोडीचा ‘उपाध्यक्ष’ तर मराठीत आधीपासूनच रूढ आहे.