आजोबांचा हातोडा देव्हाऱ्यापाशी का?

प्रिय चिऊ,

खंडेनवमीला तू मला दोन प्रश्न विचारलेस. हातोडा काही देव नाही, मग आजोबांच्या हातोड्याला हळदकुंकू कशाला? आणि तुझ्या व्हायोलिनलाही फूल वाहिलं, तर त्या दिवशी तुला ते वाजवू का दिलं नाही? आता तुला सलग मराठी वाचता येतं, म्हणून उत्तर लिहूनच देते. पत्र लांबेल, कारण या उत्तरात तुझे आजोबा आहेत आणि त्यांच्याबद्दल थोडक्यात सांगणं मला जमणार नाही.

आधी रीत सांगते. आश्विनातल्या नवरात्राचा नववा दिवस म्हणजे खंडेनवमी आणि दुसऱ्या दिवशी दसरा. पांडवांनी अज्ञातवासाला निघताना आपली शस्त्रं शमीच्या झाडावर लपवली आणि वर्ष सरल्यावर ती पुन्हा हातात घेतली, ही महाभारतातली गोष्ट तुला ठाऊक आहे. शस्त्रपूजेचा संबंध तिच्याशी जोडतात. पण तलवारी असलेली घरं अशी किती असणार? ज्याचं पोट ज्या हत्यारावर, त्याने ते पाटावर मांडलं. सुताराने रंधा मांडला, शिंप्याने कात्री, शेतकऱ्याने कोयता. रिक्षावाले त्या दिवशी रिक्षा धुऊन तिला झेंडूचा हार घालतात. हत्यार घासूनपुसून ठेवायचं, हळदकुंकू लावायचं, फूल वाहायचं आणि पूजा मांडलेली असेपर्यंत त्याला कामाला लावायचं नाही. वर्षभर ते आपल्यासाठी राबतं, तर एक दिवस त्याला विसावा. तुझं व्हायोलिन त्या दिवशी विसाव्याला होतं.

आता हातोडा. आजोबा तांबट होते, म्हणजे तांब्याची भांडी घडवणारे कारागीर. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथं त्यांचा जन्म गेला. आपले पूर्वज कोकणातून पुण्यात आले, पेशव्यांच्या पदरी त्यांनी धातूची कामं केली आणि १८१८ साली पेशवाई गेल्यावर ते घरगुती भांड्यांकडे वळले, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. हंडे, कळश्या, घंगाळं, परात, आंघोळीचा बंब. माझ्या लहानपणी आळीत शिरण्याआधीच ठोक्यांचा आवाज कानावर यायचा, आणि त्या सगळ्या गलक्यात आजोबांचा ठोका मला वेगळा ओळखू यायचा. एकसारखा, घाई नसलेला.

ते करायचे त्याला मठारकाम म्हणतात. आपल्या पाण्याच्या तांब्यावर त्या ओळीने उठलेल्या, बोटांना लागणाऱ्या चकचकीत टिकल्या आहेत ना, ते मठार. पुष्कळांना ती नक्षी वाटते. शोभा तर तिने येतेच, पण काम त्याहून मोठं आहे. तांबं मुळात मऊ. ठोकत गेलं की ते कडक होत जातं, आणि फार ठोकलं तर तडकतं. म्हणून भांडं घडवताना मधेमधे ते भट्टीत लाल करून घ्यायचं. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं तर कडक होतं. तांबं तसं बुडवलं तरी मऊच राहतं. असं मऊ करायचं, ठोकायचं, पुन्हा मऊ करायचं. आकार पुरा झाला, सांध्यांना डाख दिला, म्हणजे धातू वितळवून ते जोडले, भांडं चिंचेने घासून लख्ख केलं, की शेवटी मठार. तेव्हा बसलेला एकेक ठोका पत्र्याला जो ताठपणा देतो, तो मग भांड्यात कायमचा राहतो. मठारलेला हंडा सहजासहजी चेपत नाही.

आजोबा जमिनीवर बसून भांडं लोखंडी खुंटावर चढवायचे, डाव्या हाताने ते जरा जरा फिरवत न्यायचे आणि उजव्या हाताने ठोका द्यायचे. खुणेची रेघ नाही, माप नाही. एका टिकलीची कड पुढच्या टिकलीला भिडली पाहिजे, पण तिच्यावर चढता कामा नये. सगळा घेर पुरा होऊन शेवटची टिकली पहिलीला बरोबर येऊन मिळायची. हे मी समोर बसून पाहिलेलं आहे आणि आजही मला त्याचं नवल वाटतं.

हातोड्याचं तोंड तू नीट पाहिलंस का? त्यात तुझा चेहरा दिसतो. ते आरशासारखं ठेवावं लागतं, कारण त्यावर एक बारीक ओरखडा असला तरी तो प्रत्येक टिकलीत उमटतो. म्हणून आजोबा काम संपलं की तो पुसून, तेलाचा हात फिरवून फडक्यात गुंडाळून ठेवत. त्याने खिळा ठोकलेला त्यांना कधीच चालला नाही. हातोड्याला जपण्याचं त्यांना खंडेनवमीचं निमित्त लागत नसे. पूजा त्या एका दिवसाची, पण तो मान ते त्याला रोज देत होते.

आणि हा मान कशासाठी, तर घरासाठी. आजोबांना कामाचं वेड होतं, पण काम घरापेक्षा मोठं आहे असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. दुपारचा चहा आजीबरोबरच. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी त्याच्याही हातात कप द्यायचे, पण उठायचे नाहीत. आजी आजारी पडली तेव्हा दिवाळी तोंडावर होती, बंबांच्या दुरुस्त्या दाराशी येऊन पडल्या होत्या. त्यांनी गिऱ्हाइकांना सरळ दुसऱ्या कारागिरांकडे पाठवलं आणि स्वतः आजीच्या उशाशी बसले. सकाळी मला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचे. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करायच्या आधी हात चिंचेने धुवायचे, कागदाला काळे डाग पडू नयेत म्हणून.

बंब तू पाहिलेला नाहीस. तांब्याचं उभं पिंप असतं, त्याच्या मधोमध नळकांडं. नळकांड्यात कोळसे, करवंट्या, लाकडाच्या ढलप्या टाकून पेटवायचं, भोवतीचं पाणी तापतं, तोटी सोडली की कढत पाणी. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला त्यातलंच पाणी. नवा बंब गिऱ्हाइकाला देण्याआधी आजोबा तो पाण्याने भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवत आणि उजाडताच खालून हात फिरवून बघत. फरशी दमट लागली तर डाख पुन्हा. गिऱ्हाइकाला यातलं काही कळलंही नसतं.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला तेव्हा आजोबा कोवळे पोर होते, वडिलांच्या हाताखाली काम शिकत होते. पुढे कितीतरी दिवस चिखलाने भरलेली, चेपलेली भांडी दुरुस्तीला येत राहिली. ज्यांचं सगळं वाहून गेलं होतं त्यांच्याकडून पणजोबांनी मजुरी घेतली नाही. आजोबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा आपल्या वडिलांचं नाव घेताना सावरून बसायचे.

मग स्टील आलं. हलकं, स्वस्त, कल्हईची कटकट नाही. बंबाच्या जागी गिझर आले. आळीतले ठोके कमी होत गेले आणि कित्येकांच्या मुलांनी नोकऱ्या धरल्या. आजोबांनी कशालाही दोष दिला नाही. हंडे थांबले तेव्हा त्यांनी दिव्यांच्या टोप्या केल्या, ट्रे केले, डिझाइन शिकलेली तरुण मुलं चित्र काढून आणायची त्याप्रमाणे फुलदाण्या केल्या. त्यांच्या मजुरीवर मी इंजिनिअर झाले. मी परदेशी निघाले तेव्हा त्यांनी मला तो तांब्या करून दिला. त्याच्या काठावर तुझं नाव आहे, माझं नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का? तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. काठ त्यांनी कोरा ठेवायला सांगितला होता, आणि तुझ्या बारशाला आपण पुण्याला गेलो तेव्हा स्वतः बसून टिंबाटिंबांनी नाव घातलं.

व्हिडिओ कॉलवर आजोबा एवढ्या मोठ्याने का बोलतात, असं तू लहानपणी विचारायचीस. जन्मभर त्या ठोक्यांजवळ बसून त्यांचे कान गेले होते. पुष्कळ तांबटांचे जातात. शेवटी शेवटी ते भांड्यावर तळवा ठेवून ठोका बरोबर बसला की नाही ते ओळखायचे. तू व्हायोलिन वाजवलंस तेव्हा त्यांनी आजीच्या हातातून फोन घेऊन कानाला लावला, तो याच कारणाने. तुझे सूर त्यांना किती ऐकू आले कोण जाणे, पण तुझा हात कसा चालतो ते त्यांनी आधी पाहिलं होतं. "पोरीचा हात घाई करत नाही," असं म्हणाले. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी मी कुणाला मिळालेली पाहिली नाही.

त्यांचं सगळ्यात सुंदर काम कोणतं, असं मला विचारशील तर मी माझी भातुकली सांगेन. उरलेल्या पत्र्याच्या कातरणांतून केलेली. बोटभर हंडा, वाटीएवढं घंगाळ आणि एक बंब, ज्याची तोटी खरोखर फिरते. सगळ्यांवर मठार, गिऱ्हाइकाच्या मालावर असायचा तितकाच नेटका. हे काम ते रात्री, जेवणं झाल्यावर करायचे. ती भातुकली पुण्याला आजीच्या कपाटात आहे, तुझ्या वाट्याची आहे.

आजोबा गेल्यावर आजीने हातोडा मला दिला. मी तांबट झाले नाही, तो चालवायला मला येत नाही, पण आपल्या घरातलं शिक्षण, हे इथलं घर, तुझं व्हायोलिनसुद्धा त्याच्याच ठोक्यांतून आलेलं आहे. म्हणून नवमीला त्याला हळदकुंकू. हात जोडते तेव्हा माझ्या मनात तो धरणारा हात असतो.

तो हातात घ्यावासा वाटला तर जरूर घे. आधी हात कोरडे कर, त्याच्या तोंडाला बोट लावलंस तर नंतर तेल लावून पूस, आणि दगडावर किंवा लोखंडावर मारू नकोस. तांब्याचा एक तुकडा मी मागवला आहे. शनिवारी दोघी बसून त्यावर टिकल्या उठवून बघू. आजीला आधी फोन करून विचार, पत्रा किती तापवायचा ते. इतकी वर्षं शेजारी बसून तिला ते रंगावरून कळतं.

तुझी,
आई