एलएलएम करावं का? वकिलीसाठी नको, शिकवण्यासाठी दुसरा रस्ता नाही

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की सनद घेऊन दीड वर्ष झालं, तालुका कोर्टात सीनियरकडे काम चालू आहे. घरचे एलएलएमबद्दल, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीबद्दल, म्हणतात, "एलएलएम करून टाक, शिक्षण वाया जात नाही." सीनियर म्हणतात, "वकिली जमली नाही की माणूस एलएलएम करतो." दोघांचंही चुकतंय. सीनियरच्या वाक्याची मला जुनी चीड आहे, त्यामुळे उत्तर त्या वाक्याच्या विरोधात झुकणार, हे आधीच सांगते.

कोर्टाचं पटकन आटपू. वकीलपत्रावर नावापुढे एलएलएम लावल्याने पक्षकार जास्त फी देत नाही. सनदेला एलएलबी आणि एआयबीई (बार कौन्सिलची परीक्षा) पुरते. आयबीपीएसच्या (सरकारी बँकांची भरती) लॉ ऑफिसरला एलएलबी आणि बार कौन्सिलची नोंदणी मागतात. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदासाठी संविधानाचं कलम 217 दहा वर्षांची वकिली मोजतं, पदव्युत्तर पदवी नाही. पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते. बौद्धिक संपदेत एलएलएम करून तिथे दार उघडत नाही.

सगळ्यात जास्त मुलं फसतात ती जेएमएफसीच्या, म्हणजे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदाच्या परीक्षेच्या, तयारीत. "अभ्यास चालूच आहे, सोबत एलएलएम होऊन जाईल" हा हिशेब आता जुळत नाही. 20 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. अनुभव तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून धरतात. दाखला तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा लागतो, किंवा किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचा आणि त्यावर त्या अधिकाऱ्याची मान्यता. न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं काम यात धरलं जातं, वर्गात बसलेलं वर्ष नाही. तुमचं दीड वर्ष झालंय. आता पूर्णवेळ एलएलएमला वसतिगृहात जाऊन राहिलात, तर त्या काळात तुम्ही कोर्टात उभे होता असं कोण लिहून देणार?

गंमत म्हणजे न्यायाधीश झाल्यावर हीच पदवी पैसे देते. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये मान्य केल्या, त्यात एलएलएमला तीन आगाऊ वेतनवाढी आहेत आणि पीएचडीला आणखी एक. म्हणजे आधी खुर्ची, मग पदवी.

आता शिकवण्याकडे येते. विधी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं तर एलएलएम हा अलंकार नाही, किमान पात्रता आहे: 55 टक्के, वर नेट किंवा सेट (प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय आणि राज्य पात्रता परीक्षा). 2023 च्या दुरुस्तीनंतर यूजीसीला (विद्यापीठ अनुदान आयोग) या पदासाठी पीएचडी सक्तीची नाही. सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 रुपये. बार रूममध्ये प्राध्यापकांना हसणाऱ्यांपैकी किती जण महिन्याला एवढे खात्रीने घरी नेतात, हे त्यांनीच सांगावं.

यात घसरायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, 55 म्हणजे 55. नेटच्या नियमात पुढच्या पूर्णांकात ढकलणं नाही, 54.8 वाला बाहेर. (अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी आणि दिव्यांगांना 50.) पारंपरिक विद्यापीठांत एलएलएमचे पेपर हात आखडून तपासले जातात, त्यामुळे पहिल्या सेमिस्टरपासून टक्क्यांवर डोळा ठेवा. श्रेणी असेल तर विद्यापीठाच्या सूत्राने टक्के काढून तो कागद आत्ताच घ्या.

दुसरी, स्पेशलायझेशनचा भ्रम. नेटचा दुसरा पेपर 100 प्रश्नांचा, 200 गुणांचा, आणि अभ्यासक्रमात दहा घटक: न्यायशास्त्रापासून आंतरराष्ट्रीय कायदा, कौटुंबिक कायदा, पर्यावरण, तुलनात्मक सार्वजनिक कायद्यापर्यंत. तुमच्या एलएलएमच्या गटात त्यातले दोन-तीन येतात. बाकीचे स्वतःच करायचे. नकारात्मक गुण नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नका. शेवटच्या वर्षाला असतानाच नेट देता येते. सेट पुण्याचं विद्यापीठ घेतं, ती महाराष्ट्र आणि गोव्यात चालते, दोन्ही भरा.

तिसरी, आणि ही कुणी सांगत नाही: पात्रता आणि नेमणूक यांच्यामध्ये रोस्टर (आरक्षणाची बिंदुनामावली), जाहिरात, निवड समिती आणि विद्यापीठाची मान्यता एवढं सगळं असतं. राज्यातली बहुतेक विधी महाविद्यालयं विनाअनुदानित. तिथे वरचा पगार कागदावर राहू शकतो, आणि अनेकांची सुरुवात तासिका तत्त्वावर होते. मुलाखतीला जाण्याआधी पद अनुदानित आहे का आणि मान्यता पूर्णवेळची मिळणार का, हे कार्यालयातल्या क्लार्कला विचारा, प्राचार्यांना नंतर.

पूर्णवेळ पगारी प्राध्यापक झालात की वकिली थांबवावी लागते. पण वकिलाने दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायला बार कौन्सिलच्या नियमांनुसार हरकत नाही. तुमच्यासारख्याला हा मधला मार्ग उत्तम. सकाळी कॉलेज, अकराला कोर्ट. आणि शिकवताना पुरावा कायद्याची कलमं ज्या रीतीने डोक्यात बसतात, तशी नुसत्या तारखा घेत फिरून बसत नाहीत. हे वाक्य तुमच्या सीनियरना वाचून दाखवलंत तरी चालेल.

एक वर्षाचं की दोन? राष्ट्रीय विधी विद्यापीठांचं एक वर्षाचं, प्रवेश क्लॅट पीजी या परीक्षेने, फी लाखांत. मुंबई-पुण्यासारख्या विद्यापीठांचं दोन वर्षांचं, खर्च त्यामानाने फारच कमी, आणि शहरात राहून कोर्ट सांभाळायला थोडी जागा. शोधनिबंध दोन्हीकडे रडवतो, कारण विषय "भारतातील महिलांचे हक्क" एवढा ढोबळ घेतात. एक कलम, एक न्यायालय, ठरावीक वर्षांचे निकाल एवढंच घ्या.

क्लॅट पीजी मात्र एलएलएम करायचं नसेल तरी द्या. 120 प्रश्न, दोन तास, चुकीला पाव गुण कापतात. ओएनजीसी, एनटीपीसी, पॉवरग्रिड यांनी या गुणांवर कायदा अधिकारी घेतले आहेत, एलएलबीवरच.

परदेशाबद्दल एवढंच: इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायला एलएलएम लागत नाही, एसक्यूई ही तिथली पात्रता परीक्षा लागते. अमेरिकेत एलएलएमनंतर कामाची मुभा साधारण बारा महिने. कर्ज काढून जाणार असाल तर आधी हा आकडा बघा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघितल्याशिवाय कर्जाचा अर्ज भरू नये.

राहिलेला एक खुलासा. जेएमएफसीचं मी लिहिलं ते निकालावरून. अर्ज भरताना त्या वर्षीची एमपीएससीची जाहिरातच प्रमाण धरा, आणि अनुभवाच्या दाखल्यासाठी तुमची हजेरी असलेली रोजनामे आणि वकीलपत्रं आजपासूनच जमवायला लागा.