पणजोबांच्या वडिलांची दोन नावं, आणि दोन्ही कागद खरे

तुमचा पेच असा आहे: शाळेच्या रजिस्टरात पणजोबांचे वडील रामचंद्र, दक्षिण सोलापूरच्या जमिनीच्या फेरफारात मारुती. बार्शीचं एक घराणं मारुतीला आपला मूळपुरुष सांगतं आणि त्यांच्यातल्या तुमच्याच पिढीच्या एकाशी तुमचा डीएनए तीन टक्के जुळला.

त्या तीन टक्क्यांवर भरवसा ठेवू नका. मारुती तुमचे खापरपणजोबा. नातं त्यांच्यावरून असेल तर सरासरी पाऊण टक्काच जुळतो. मग उरलेलं कुठून आलं? तुमची आजी आणि बार्शीकरांची आजी एकाच गावच्या, एकाच आडनावाच्या, हे तुम्हीच लिहिलंय. त्या सख्ख्या बहिणी निघाल्या तर तेवढ्यावरच तीन टक्के भरतात. आपल्याकडे सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या त्याच दहा-बारा घरांत होतात, मामाची मुलगी करतात. परदेशी कंपनीचा रिपोर्ट हे सहसा धरत नाही.

दोघांनी वाय-डीएनए करा. तो बापाकडून मुलाकडेच जातो, सोयरिकीचा त्यात संबंध येत नाही. मात्र पणजोबा मारुतीकडे दत्तक गेले असतील आणि ते भावकीतलेच असतील तर वाय तरीही जुळेल. बहिणीचा, मुलीचा किंवा परक्या घरचा मुलगा घेतला असेल तर तुटेल.

मला दत्तकाचाच संशय आहे. कागद तारखेने लावा: शाळेत नाव घातलं तेव्हा वडील रामचंद्र, पुढे फेरफारात मारुती. मधल्या काळात मूल दत्तक गेलं असेल तर दोन्ही नोंदी खऱ्या. आमच्या घरी हेच झालं होतं. चुलत्यांनी वीस वर्षं शाळेचा दाखला खोटा ठरवला. शेवटी मोडी वाचणाऱ्या गुरुजींना घेऊन रेकॉर्ड रूममध्ये बसलो. शाई तपकिरी पडलेली, शब्द एकमेकांना चिकटलेले. त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचलं, ‘वारस दत्तक मुलगा’. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तहसीलमधलं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची जुनी वही, नक्की मागा. त्यात बाळाचं नाव बहुधा नसतं, बापाचं असतं. रामचंद्रच्या नावावर मुलगा झाल्याची नोंद शोधा. दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर ती तारीख मास्तरांनी घातलेली समजा, मागची-पुढची चार-पाच वर्षं चाळा. दत्तकपत्र नोंदवलं असेल तर दुय्यम निबंधकांकडे मिळेल.

आणि पंढरपूरला घरच्या क्षेत्रोपाध्यांची, म्हणजे तीर्थावरच्या पिढीजात पुरोहितांची, वही पाहा. वारीला गेलेल्या माणसाने तिथे आपल्या बापाचं नाव सांगितलेलं असतं, आणि ते सांगून त्याला जमिनीचा तुकडाही मिळणार नसतो. माझा विश्वास त्या नोंदीवर सगळ्यात जास्त.